तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही

"दाढ काढायची तर काढा बाई, पण तपासायला तुकडा-बिकडा काढू नका. शस्त्र लागलं की पसरतंय म्हणत्यात."

निपाणीत दातांचा दवाखाना चालवताना हे वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकावं लागतंय. म्हणणारे कधी संकेश्वरचे मामा असतात, कधी चिकोडीकडचे तात्या, कधी कागलहून मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलेली एखादी आक्का. शाळामास्तरांनीही मला हेच सांगितलंय आणि बँकेतल्या साहेबांनीही. या एका वाक्यापायी माणसं घरी परत जातात, झाडपाला लावतात, कुणाकडून तरी भस्म आणतात. सुपारीएवढी असलेली जखम मग गालाच्या बाहेर फुटेपर्यंत थांबतात. म्हणून आज फक्त याच विषयावर लिहितेय.

आधी सरळ उत्तर. तोंडातल्या जखमेच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून तपासल्यानं (यालाच बायोप्सी म्हणतात) कॅन्सर पसरत नाही. उलट तो तपासल्याशिवाय उपचार सुरूच होऊ शकत नाहीत. तोंडातली प्रत्येक जुनी जखम कॅन्सरची नसते. टोकदार दात घासून झालेली जखम, कवळी लागून झालेली जखम, क्वचित टीबीची जखम, लायकेन प्लॅनस नावाच्या दुसऱ्या आजाराचे चट्टे, हे सगळं दिसायला कधीकधी इतकं सारखं असतं की अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसतं बघून खात्रीनं बोलणार नाही. कुणाचा अर्धा जबडा काढायचा आणि कुणाचा नुसता दात घासून गुळगुळीत करायचा, हे ठरतं सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यात काय दिसलं त्यावर.

मग ही भीती आली कुठून? मी जे पाहिलंय त्यावरून सांगते. आपल्याकडे माणूस बायोप्सीला पोचतो तोच मुळात उशिरा. रोग तोवर जोरात वाढत असतो. तुकडा काढला, रिपोर्ट आला, मग घरात चर्चा, जमिनीचा कागद, पाहुण्यांचा सल्ला, कार्डाची धावपळ, ऑपरेशनची तारीख, यात दीड-दोन महिने जातात. तेवढ्यात गाठ डोळ्यांदेखत मोठी होते. घरातले लोक म्हणतात, "बघा, हात लावला आणि वाढलं." वाढलं ते हात लावून काहीच न केल्यामुळं. या भीतीत खऱ्याचा अंश एवढाच, की मानेत आलेली गाठ कुणीही उठून परस्पर चिरून काढू नये. तिथं आधी बारीक सुईनं पेशी ओढून घेतात, त्याला एफएनएसी म्हणतात, आणि मूळ रोग तोंडात किंवा घशात कुठं आहे ते शोधतात. या बारीक सुईनं रोग पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. गाठ न तपासता ठेवण्यातला धोका त्याहून कितीतरी मोठा.

निपाणी हे तंबाखूचं गाव, हे मी बाहेरच्यांना सांगायला नको. १९८१ सालचं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन इथलंच. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, आणि गल्लीत उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. कित्येक घरांतली शिक्षणं आणि लग्नं याच पैशावर झाली. त्यामुळं तंबाखूला नुसत्या शिव्या देणं मला जमत नाही. पण माझ्या खुर्चीवर काय येऊन बसतं तेही मला झाकता येत नाही.

बाहेरगावच्या डॉक्टरांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे मिसरी. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्या बायका खरेपणानं "नाही" म्हणतात. कारण त्या खात नाहीत, लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर एकदा, भांडी झाल्यावर एकदा, दुपारी कामावर एकदा, रात्री झोपताना एकदा. बोटावर घेऊन खालच्या हिरडीवर चोळायची आणि तशीच बसून राहायची. "ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे कारण तर ठरलेलं. म्हणून मी "मिसरी लावता का, तपकीर लावता का, पान खाता का, नुसती सुपारी खाता का" असं एकेक विचारते. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला २००४ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तंबाखूबरोबर दारू असेल तर धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कैक पटीनं वाढतो.

पोरांचं प्रकरण वेगळं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली. त्यानंतर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी मिळायला लागली. दोन्ही हातावर एकत्र केल्या की झालं. शिवाय मावा आहेच. विशी-पंचविशीतली पोरं येतात आणि म्हणतात, "मॅडम, तिखट अजिबात सोसत नाही, आमटी तोंडात घेतली की आग होतीय." तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. आतली कातडी पांढरी, ताठ, गालात पट्टे जाणवतात. हा सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळं होतो, आणि त्यातल्या काहींना पुढं कॅन्सर होतो. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते प्रत्येकानं घरी बघावं. जात नसतील तर सुपारी, मावा त्याच दिवशी बंद आणि दवाखाना गाठायचा.

आता बघायचं काय ते सांगते. चांगला उजेड आणि आरसा पुरे. कवळी असेल तर काढून ठेवायची. ओठ उलटा करून आतून बघायचा. गाल बोटानं बाजूला ओढून शेवटच्या दाढेच्या मागंपर्यंत बघायचं, कारण आपल्याकडं तंबाखूची गोळी जिथं ठेवली जाते तिथंच, म्हणजे खालची हिरडी आणि गाल यांच्या खाचेत, रोग सगळ्यात जास्त सापडतो. जीभ कापडानं धरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ओढायची आणि तिची कड बघायची. जीभ वर टाळूला लावून खालची बाजू बघायची. पांढरा चट्टा पुसून जात नसेल तर दाखवा. तांबडा, मखमली दिसणारा चट्टा त्याहून लवकर दाखवा, तो जास्त धोक्याचा. आणि बोट फिरवून बघा. साधं तोंड आलेलं असतं ते दुखतं, पण मऊ असतं आणि दहा-पंधरा दिवसांत जातं. कॅन्सरची जखम सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि तिची कड गालाखाली चिंचोका ठेवल्यासारखी टणक लागते. दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम तपासलीच पाहिजे. तीन आठवडे आवाज बसलेला असेल, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घ्यायचं. कीड नसताना दात हलायला लागणं, दाढ काढल्यावर ती जागा न भरणं, नेहमीची कवळी अचानक न बसणं, खालचा ओठ बधिर होणं, गिळताना एकाच बाजूला टोचणं, कान चांगला असूनही कानात ठणका मारणं (घशातलं किंवा जिभेच्या मुळाचं दुखणं कानात जाणवतं), मानेत न दुखणारी गाठ येणं, यातलं काहीही असेल तर तपासून घ्या. तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या काही कॅन्सरमागं एचपीव्ही नावाचा विषाणू असतो.

वखारीत काम करणाऱ्या एका आक्कांबद्दल त्यांना विचारून लिहितेय. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा हलत होत्या, म्हणून दुसरीकडं एका ठिकाणी काढून घेतल्या होत्या. जागा भरेना. दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. माझ्याकडं आल्या त्या "राहिलेली मुळी काढा" म्हणून. मुळी नव्हतीच. दाढेच्या जागी फुलकोबीसारखं खरखरीत मांस वर आलं होतं आणि जबड्याखाली एक गाठ हाताला लागत होती. तुकड्याचं नाव काढताच आक्का उठून उभ्याच राहिल्या. सोबत सूनबाई होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुकडा नाही काढला तर ते आहे तेवढंच राहणार का?" मी म्हटलं, नाही, ते वाढणारच. मग ती सासूला म्हणाली, "आत्या, न काढता वाढणारच हाय तर काढून कळू दे की." माझ्या पाच मिनिटांच्या समजावण्यानं झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. हल्ली तोच प्रश्न मी स्वतःहून रुग्णांपुढं ठेवते.

बायोप्सीत होतं काय? दाढ काढताना देतो तेच भुलीचं इंजेक्शन. जखमेच्या कडेचा, थोडा चांगला आणि थोडा रोगट भाग येईल असा छोटा तुकडा. मधला सडका भाग घेऊन उपयोग नाही, त्यात नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात. लागलाच तर एखादा टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, नाव-वय-जागा लिहून पॅथॉलॉजिस्टकडं. त्या दिवशी थंड, मऊ जेवायचं. रिपोर्ट साधारण आठवड्यात. दाढ काढण्यापेक्षा हे दुखणं कमी असतं.

आक्कांच्या रिपोर्टमध्ये स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर आला. डोक्या-मानेचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे असतात. पुढं सीटी स्कॅन झाला, हाडात कितपत गेलंय, मानेतल्या कुठल्या गाठी मोठ्या आहेत, छातीत काही आहे का ते बघायला. जिभेचा रोग असेल तर एमआरआय जास्त कामाचा. यावरून स्टेज ठरते. २०१८ पासून वापरात असलेल्या पद्धतीत तोंडाच्या कॅन्सरची फक्त लांबी-रुंदी बघत नाहीत, तो किती खोल उतरलाय तेही मोजतात. वरून लहान दिसणारा पण खोल गेलेला रोग मानेत लवकर उतरतो.

मानेच्या ऑपरेशनला लोक फार बिचकतात. "गाठ लागत नाही तर मान कशाला चिरता?" हा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा लहान कॅन्सर असलेल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिका गाठी काढल्या. दुसऱ्यात मानेत गाठ आली तरच काढायच्या असं ठरवलं. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि जगभरच्या सर्जनांनी तो मानला.

तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशन हाच पहिला उपचार. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला तर नुसत्या रेडिएशननं किंवा लेसरनं बरा होऊ शकतो आणि आवाजही राहतो. घशाच्या पुष्कळ रुग्णांना रेडिएशन आणि केमो एकत्र देतात. आक्कांचा खालच्या जबड्याचा डावा तुकडा, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचा स्नायू कातडीसकट वर फिरवून तोंडातली जागा भरली. तरुण माणसात, हाड जास्त काढावं लागलं तर पायाचं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून जबडा उभा करतात. चेहरा थोडा बदलतो, हे मी लपवत नाही. पहिले काही दिवस नाकातून नळी, त्यातून दूध, भाताची पेज, डाळीचं पाणी.

आता माझ्या स्वतःच्या कामाचं, म्हणून जरा जास्त सांगते. मानेतल्या गाठीत रोग निघाला, किंवा काढलेल्या भागाची कड पुरेशी स्वच्छ नसली, की ऑपरेशननंतर रेडिएशन लागतं. सोमवार ते शुक्रवार, साधारण सहा आठवडे. ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. काही जणांना सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. त्याआधी दातांच्या डॉक्टरकडं या, ही माझी कळकळीची विनंती आहे. रेडिएशन मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर तिथली दाढ काढली तर जखम भरत नाही, हाड कुजायला लागतं. म्हणून न टिकणारे दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्यायचे. लाळ कमी होते, त्यामुळं दात भराभर किडतात. त्यासाठी रोज फ्लोराइड, मऊ ब्रश, खायच्या सोड्याच्या पाण्यानं गुळण्या. तोंड सोलवटतं, चव जाते, माणूस खायचं सोडतो. वजन घसरू द्यायचं नाही. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम कंटाळा आला तरी सोडायचा नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. आक्कांच्या सूनबाईनं या काड्यांना दोरा बांधून त्या देवघराजवळच्या खिळ्याला अडकवल्या होत्या, विसर पडू नये म्हणून.

जायचं कुठं? आपल्या भागाला दोन्ही बाजूंनी वाटा आहेत. बेळगावात केएलईचं रुग्णालय आहे, सरकारी बिम्स रुग्णालय आहे. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते केएलईच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. हुबळीला नवनगरात कॅन्सरची संस्था आहे, बेंगळुरूत किदवाई कॅन्सर संस्था. महाराष्ट्राकडं कोल्हापूर आणि मिरजेत कॅन्सरची रुग्णालयं आहेत, आणि मुंबईत परळचं टाटा. निपाणीतून कोल्हापूरही बेळगावपेक्षा जवळ. कर्नाटकात बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, ती आधी घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कागद कुठले लागतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून मगच गाडीभाडं खर्च करा. सीमेच्या वादावर आपल्या घरात कुणाचं काहीही मत असो, उपचारासाठी जिथं तारीख लवकर मिळेल तिथं जावं असं मला वाटतं. बेळगाव-हुबळीला संमतीपत्रं कन्नडमध्ये असतात. कन्नड शाळेत शिकलेला घरातला एखादा नातू-नात सोबत न्या, आणि सही करण्याआधी वाचून घ्या. डॉक्टर समजावून सांगतात, विचारायला लाजू नका.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणं भारतात वर्षभरात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते, आणि पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या नंबरवर. पण केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड बघितलं, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये तो अभ्यास छापून आला. महागडं यंत्र नव्हतं. उजेड होता आणि बघणारं माणूस होतं. आपल्या वखारींत, विडी कामगारांच्या गल्ल्यांत हे का होऊ नये? महिला बचत गटांनी बोलावलं तर मी येते. मिसरीची डबी कुणी लपवायची नाही, मी रागवत नाही. सोडायची असेल तर १८०० ११२ ३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

ज्यांना ऑपरेशन होऊन वर्ष झालंय त्यांनी "आता बरा झालो" म्हणून तपासणी सोडू नका. पहिल्या दोन वर्षांत रोग उलटण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यामुळं पहिलं वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसं, पाच वर्षं जायचं. दाखवायला येताना बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद आणि सीटीच्या फिल्म पिशवीत घालून आणा.